हवाई टॅक्सी उद्या आली तर आपल्या गावाकडचा माणूस तिच्यात बसेल का?

आर्वीकर | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, मी आर्वीला कॉलेजात वाणिज्य शिकवते. यंदा एम.कॉम.च्या दोन मुलींनी प्रकल्पासाठी शहरी हवाई वाहतूक हा विषय घेतला आहे. विजेवर चालणारी, हेलिकॉप्टरसारखी सरळ वर उठणारी चार-पाच माणसांची छोटी विमानं टॅक्सीसारखी चालवायची, असा हा बेत जगभर सुरू आहे. तो ग्राहकांना का नको वाटतो, हा त्यांचा प्रश्न. मुली आष्टी आणि कारंजा तालुक्यांतल्या. दोघींच्या घरातलं कोणी अजून विमानात बसलेलं नाही. म्हणूनच त्यांच्या हाती असं काही लागेल जे मोठ्या शहरांतल्या पाहणीत सापडत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आधी काय घडलंय ते सांगते. उबरनं २०१६ मध्ये या कल्पनेचा मोठा आराखडा काढला आणि २०२० च्या डिसेंबरात तो सगळा विभागच जोबी नावाच्या अमेरिकी कंपनीला देऊन टाकला. जर्मनीची व्होलोकॉप्टर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेणार होती. परवाना वेळेत मिळाला नाही आणि त्याच डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. तिथलीच लिलियम दोन महिने आधी त्याच वाटेनं गेली होती. चीनच्या ईहँगला मात्र बिनचालकाच्या, दोन प्रवाशांच्या यंत्रासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र मिळालं. आपल्याकडे इंडिगोच्या मूळ कंपनीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्चर या अमेरिकी कंपनीशी हात मिळवला. कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत, असं तेव्हा जाहीर झालं होतं.

आता ग्राहकाकडे येते. विपणनशास्त्रात एस. राम आणि जगदीश शेठ यांनी १९८९ मध्ये नव्या वस्तूला होणाऱ्या विरोधाची मांडणी केली. वापरायला अडचण, किमतीच्या मानानं फायदा न दिसणं आणि धोका हे तीन व्यवहारातले अडथळे. रूढ सवय आणि त्या वस्तूची लोकांच्या मनातली प्रतिमा हे दोन मनातले. वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवत आले. मुलं उदाहरण देतात ते धोक्याचं, ‘लोक घाबरतात’ म्हणून. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात, पण मला ते पुरेसं वाटत नाही.

युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं २०२१ मध्ये सहा शहरी भागांत मोठी पाहणी केली. ८३ टक्के लोकांनी कल्पना बरी वाटते असं सांगितलं, ४९ टक्के हवाई टॅक्सीत एकदा बसून पाहायला तयार होते. म्हणजे भीती सगळ्यांना घरी बसवते असं नाही. एकदा बसायला माणूस जत्रेतल्या उंच पाळण्यातही तयार होतो. वाहतूक उभी राहते ती दुसऱ्या, दहाव्या, शंभराव्या वेळी बसणाऱ्यांवर, आणि तो प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे: आपल्याकडचा माणूस नवं वाहन नाकारतो तेव्हा तो मागासलेला नसतो, तो हिशेब करत असतो. फित कापून सुरू झालेल्या आणि वर्ष-दोन वर्षांत गुपचूप बंद पडलेल्या सेवा त्यानं पाहिलेल्या असतात. म्हणून तो ‘पाहू’ म्हणतो. हे ‘पाहू’ म्हणजे नकार नव्हे.

तुम्हाला काय वाटतं? शक्यतो स्वतःच्या प्रवासावरून लिहा. मुली हा धागा वाचणार आहेत.

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:४८

ताई, पाच अडथळे बरोबर हायेत. पण आमच्या इकडं पहिला अडथळा म्हंजे हे इमान उतरन कुठं? नागपूरले उतरन, फार तं यवतमाळले. मले यवतमाळले जाले राळेगावहून एसटी पाह्यजे, अन् राळेगावले जाले गावातून ऑटो पाह्यजे. पावसाळ्यात नाल्यावरून पानी गेलं तं ऑटोच येत नाही. मंग वरतून कोनी माहे दोन घंटे वाचवले तरी मी नाल्याच्या अलीकडंच हावो.

दुसरं वेळेचं. हे कंपनीवाले म्हनतात वेळ वाचते, वेळ म्हंजे पैसा. नोकरीवाल्याचा असन. आमचं पाहा. ज्या दिवसात आमचा वेळ महाग असते, म्हंजे पेरनी, डवरनी, फवारनी, वेचनी, त्या दिवसात आमी गावच सोडत नाही. अन् ज्या दिवसात आमी लग्नाकार्याले, दवाखान्याले, पोराच्या ॲडमिशनले बाहेर निघतो, त्या दिवसात वेळ असते पन हाती पैसा नसते. कापूस इकला की दिवाळी ते संक्रांत थोडा पैसा हातात राह्यते, तोही कृषी केंद्राची उधारी फेडून. आता सांगा, तिकीट कोनत्या महिन्यात काढू?

यात भीतीचा इषयच कुठी आला?

धंतोली_नागपूर | सोमवार, रात्री १०:०५

चर्चा चांगली आहे, पण थोडी दुसरी बाजूही मांडतो. मोबाईल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे लागायचे, तेव्हा खेड्यातला माणूस हेच म्हणत होता. आज यूपीआयनं भाजी घेतली जाते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. जमिनी देताना किती विरोध होता हे सगळ्यांना आठवत असेल. आज वाशीम-बुलढाण्याची माणसं त्याच रस्त्यानं मुंबई गाठतात.

सुरुवातीचे ग्राहक नेहमी पैसेवालेच असतात. त्यांच्या पैशातून यंत्र सुधारतं, मग दर उतरतात. शहरात आधी रुजू द्या, गावाकडे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत येईलच. आजच नन्नाचा पाढा लावला तर विदर्भ पुन्हा मागे राहील, ही माझी खरी काळजी आहे. आपल्याकडे नागपूर विमानतळालगतचं मिहान उद्योगक्षेत्र आहे, विमान दुरुस्तीची सोय आहे, मोकळं आकाश आहे. हे उद्योग इथे यावेत असं मला वाटतं.

आर्वीकर | सोमवार, रात्री १०:३२

धंतोलीकर, तुमची काळजी मला कळते, आणि उद्योग इथे यावेत हे माझंही म्हणणं आहे. मोबाईलच्या उदाहरणाशी मात्र मी सहमत नाही. मोबाईल पटला नाही तर माणूस तो खिशातून काढून ठेवतो. एक रिचार्ज वाया जातं, बस्स. उडत्या वाहनाची पहिली चाचणी माणूस स्वतःच्या जिवावर घेतो. थोडंथोडं वापरून पाहण्याची सोयच तिथं नाही.

धोक्याचं मानसशास्त्र पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये मांडलं. ज्या संकटावर आपला ताबा नाही, जे अनोळखी आहे आणि ज्यात एकदम अनेक जीव जातात, ते माणसाला आकड्यांपेक्षा मोठं वाटतं. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटून २५ जण गेले. आपण हळहळलो, आणि तरी दुसऱ्या आठवड्यात बसमध्ये बसलो, कारण बस ओळखीची आहे. नव्या वाहनाला ही सवलत मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये पॅन ॲम इमारतीच्या छतावरून विमानतळापर्यंत हेलिकॉप्टर चालायचं. १६ मे १९७७ ला छतावर उभ्या हेलिकॉप्टरचा चाकाचा आधार मोडला, ते कलंडलं आणि पाती सुटली. छतावरचे चार प्रवासी गेले आणि खाली रस्त्यानं चालणारी एक बाईही गेली. त्या छतावरची सेवा पुन्हा कधी सुरू झाली नाही.

त्या बाईनं तिकीट काढलेलं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या वाहनाचा विचार करताना खाली असलेल्या माणसाला आपण ग्राहक म्हणून मोजतच नाही.

अकोटचा_इंजिनिअर | सोमवार, रात्री ११:२०

मी मूळचा अकोटचा, बंगलोरला विमानांच्या सुट्या भागांच्या कामात आहे. यंत्राविषयी थोडं लिहितो, कारण ग्राहकाची शंका आणि यंत्राची मर्यादा एकाच जागी येऊन भेटतात.

आधी जमेच्या बाजूचं बोलतो. या विमानांना एकच मोठा पंखा नसतो. सहा, आठ, बारा, सोळा असे छोटे पंखे असतात आणि प्रत्येकाला वेगळी मोटर. एक बंद पडली तरी बाकीच्या विमान खाली आणतात. युरोपच्या नियमानुसार शहरावरून व्यावसायिक प्रवासी नेणाऱ्या यंत्रात जीवघेणा बिघाड शंभर कोटी उड्डाण-तासांत एकापेक्षा जास्त वेळा होता कामा नये. मोठ्या प्रवासी विमानांना लावतात तोच हा निकष. परवाने रखडतात ते यामुळे, आणि रखडलेलेच बरे.

आता अडचण. एक किलो बॅटरीत साधारण २५० वॉट-तास ऊर्जा मावते. एक किलो विमान-इंधनात साधारण १२,०००. विजेची मोटर जास्त कार्यक्षम असते हे धरूनही अंतर प्रचंड राहतं. त्यात हवेत एका जागी उभं राहणं म्हणजे भरलेली घागर हात लांब करून धरणं. पुढे सरकत नाही, तरी सगळी ताकद खर्च होते. म्हणून जोबीसारखी विमानं वर उठल्यावर पंखे पुढे वळवून विमानाच्या स्थिर पंखांच्या आधारानं जातात. कागदावर त्यांचा पल्ला १६० किलोमीटर आहे, पण राखीव ऊर्जा सोडून रोजच्या धंद्यात विचार छोट्या फेऱ्यांचाच होतो.

विदर्भाची हवा आणखी वेगळी. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंख्याला तेवढंच वजन उचलायला जास्त जोर लागतो, आणि बॅटरी स्वतःच तापू नये म्हणून तिलाही गार ठेवावं लागतं. म्हणजे दुपारी एक तर प्रवासी कमी घ्यायचे, नाहीतर फेरी रद्द करायची. पावसाळ्यात वीज, गडगडाट, खाली उतरलेले ढग. आपल्याकडे लग्नं मे महिन्यात आणि साथी पावसाळ्यात. नेमकी गरज असेल तेव्हाच सेवा नसेल, तर माणूस दुसरी सोय धरून ठेवतो आणि हिच्यावर विसंबत नाही.

पाती थांबवायची यंत्रणा, बॅटरीची आग, यातलं काही विचारायचं असेल तर मुलींनी इथेच विचारावं, मी उत्तर देईन.

लालपरी | मंगळवार, सकाळी ६:५५

मी दारव्हा आगारात वाहक होतो, आता निवृत्त आहे. मॅडमनी लिहिलेलं ‘दहाव्या वेळी बसणारा’ मला पटलं. आमचं सगळं आयुष्य त्याच माणसाबरोबर गेलं.

एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. लोकांनी तिला आपलं मानलं, त्याची कारणं मला माहीत आहेत. मुक्कामी गाडी हे त्यातलं सगळ्यात मोठं. संध्याकाळी शेवटच्या गावात गाडी थांबायची, चालक-वाहक तिथेच ग्रामपंचायतीत नाहीतर देवळात झोपायचे, आणि पहाटे पहिली फेरी निघायची. रात्री कोणाला त्रास झाला तर लोक आम्हाला उठवायचे. गाडी गावात झोपते, म्हणजे सकाळी ती आहेच, हे माणसाला ठाऊक असायचं. वेळापत्रक त्यांनी कधी वाचलं नाही. हाताचा इशारा केला की थांबायचं, हा नियमच होता. म्हातारी माणसं शेताच्या धुऱ्यावरून हात करायची.

आता तिकिटाचं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना मोफत. त्यानंतर गाडीतली गर्दी पाहा. माहेरी, बाजाराला, दवाखान्यात, देवाला ज्या बाया पैशापायी जात नव्हत्या त्या जाऊ लागल्या. लोकांना प्रवास हवा असतो. तो परवडत नाही तोपर्यंत आपण त्यांना हौस नाही असं म्हणतो.

आणखी एक. छोट्या विमानात, हेलिकॉप्टरमध्ये माणसाचं आणि सामानाचं वजन करतात. आमच्या गाडीत ढेपेचं पोतं, कोंबडीची टोपली, लेकीच्या घरी न्यायची सरकी, पापड-कुरडयांचे डबे, सगळं यायचं. बाईमाणसाला चारचौघांत काट्यावर उभं करणं आणि ‘एवढं सामान चालणार नाही’ म्हणणं, हा मला वाटतं मोठा अडथळा आहे. माणूस रिकाम्या हातानं प्रवास करत नाही.

गोंदियावाला | मंगळवार, सकाळी ८:३०

बंद पडणाऱ्या सेवांबद्दल माझा अनुभव. आमच्या बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये विमान सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं, मग डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीनं पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात ज्यांनी त्या विमानाच्या भरवशावर बेत आखले त्यांनी काय करायचं? माझ्या भावाच्या मुलाच्या मुलाखतीच्या वेळी (मार्ग वेगळा, विमानतळही वेगळा) आदल्या संध्याकाळी फेरी रद्द झाल्याचा संदेश आला. रात्रभर गाडी करून पोचलो. पैसे परत मिळाले, पण त्या घरात आता महत्त्वाच्या कामाला कोणी विमानाचं नाव काढत नाही.

हे एकट्या गोंदियाचं नाही. लहान शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेवर महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल आहे. बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले. त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यापुढे ५४ च टिकले. साबरमती ते केवडिया समुद्री विमान ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं आणि एप्रिल २०२१ मध्ये थांबलं. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवायची चर्चा किती वर्षांची आहे ते अकोलेकरच सांगतील. अमरावतीला बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं याचा मला आनंद आहे. ते दहा वर्षं टिकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण ते टिकलं तर लोकांचं मत बदलेल. जाहिरातीनं ते बदलायचं नाही.

याउलट शकुंतला पाहा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, सायकलपेक्षा थोडी जास्त चाल असलेली गाडी. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. ती बंद झाली तर लोकांनी आंदोलनं केली. वेग हीच गोष्ट माणसाला हवी असती तर शकुंतलेसाठी कोण रस्त्यावर उतरलं असतं?

फवारणीवाली | मंगळवार, दुपारी १:१५

मी वाशीम जिल्ह्यातली. आमच्या बचत गटाला ड्रोन मिळालं आहे, मी ते चालवते. माणूस नेणारं नाही, फवारणीचं. पण वरून उडणाऱ्या वस्तूला लोक कसे आडवे जातात आणि कसे मानतात, हे मी रोज पाहते म्हणून लिहिते.

पहिल्या हंगामात बहुतेकांनी नाही म्हटलं. भीतीनं कोणीच नाही. त्यांचा प्रश्न पाण्याचा होता. पाठीवरच्या पंपानं एकराला दहा-दहा पंप पाणी लागतं, ड्रोननं दहा लिटरमध्ये एकर होतं. शेतकरी म्हणायचा, ‘एवढ्याशा पाण्यात औषध लागंल कसं?’ प्रश्न अगदी बरोबर आहे! मी भांडले नाही. माझ्याच दिराच्या तुरीत फवारलं. तूर डोक्याच्या वर गेल्यावर आत शिरून फवारणं किती अवघड, ते करणाऱ्यालाच माहीत. आठ दिवसांनी धुऱ्याला धुरा लागून असलेल्यांनी अळी पाहिली, पानं उलटी करून पाहिली, आणि मग विचारायला आले. शेजारच्या वावरात दिसलं तेवढंच त्यांनी धरलं.

दुसरं कारण मोठं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते कोणी विसरलेलं नाही. औषध अंगावर येत नाही, मजुराला श्वासातून जात नाही, हे समजलं तेव्हा बायकांनी घरात आग्रह धरला. म्हणजे उडणाऱ्या यंत्रानं आमचा एक जुना धोका कमी केला, म्हणून ते घरात आलं. हवाई टॅक्सी कोणता धोका कमी करणार आहे ते आधी सांगा.

तिसरं, आर्वीकर ताईंनी खाली असलेल्या माणसाचं लिहिलंय ते. मी ड्रोन कधीच वस्तीवरून नेत नाही. एकदा गावातल्या बायांनी मला थांबवून सांगितलं की आमच्या न्हाण्या उघड्या आहेत, वरून तुझं यंत्र गेलं तर आम्ही काय समजायचं? कॅमेरा बंद आहे हे मी सांगितलं, पण त्यांनी ते का मानावं? बैलही बुजतात, दुभती म्हैस पान्हा चोरते. तिकीट काढणारे चार जण असतील आणि त्यांच्या वाटेखाली चाळीस गावं असतील. त्या गावांना कोण विचारणार आहे?

अकोटचा_इंजिनिअर | मंगळवार, दुपारी २:४०

ताई, आवाजाबद्दल सांगतो. जोबीच्या विमानाचा आवाज नासाबरोबर मोजला तेव्हा ५०० मीटर उंचीवरून जाताना तो जमिनीवर ४५ डेसिबलच्या आसपास भरला. साध्या बोलण्यापेक्षा कमी. पण उतरताना-उठताना तो वाढतो, आणि रात्री शांत गावात ४५ देखील कळतो. उघड्या न्हाण्यांचा प्रश्न मात्र माझ्या क्षेत्रातल्या एकाही बैठकीत मी ऐकलेला नाही. उड्डाणमार्ग आखताना खालची घरं फक्त ‘पडलं तर किती माणसं’ एवढ्यासाठी मोजतात. मी हा मुद्दा आमच्या गटात मांडणार आहे.

भामरागड_रोड | मंगळवार, रात्री १०:५०

मी गडचिरोली जिल्ह्यात सरकारी आरोग्य सेवेत आहे. दिवसभर नेटवर्क नव्हतं, आता वाचलं.

वर सगळे समजून चालले आहेत की दुर्गम भागाला उडतं वाहन अनोळखी आहे. आमच्याकडे तसं नाही. निवडणुकीत मतदान पथकं हेलिकॉप्टरनं येतात, पोलिसांचं हेलिकॉप्टर जखमी जवानांना आणि कधी गावातल्या रुग्णालाही उचलतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा वर पाहणं हाच एक मार्ग उरतो. इथल्या लहान मुलाला रेल्वे माहीत नसेल, हेलिकॉप्टर माहीत असतं.

तरीही नातेवाईक अडतात. बाळंतपणात अडलेली बाई आहे, रक्त हवं आहे, हेलिकॉप्टरची सोय होऊ शकते असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘संगं कोन जाईल?’ जागा एकालाच. सासूनं जायचं की नवऱ्यानं? नवरा गेला तर तिथं तिची भाषा समजणारं बाईमाणूस नाही, माडिया बोलणारं कोणी नाही. सासू गेली तर कागदावर सही कोण करणार? दुसरा प्रश्न, ‘परत कसं यायचं?’ न्यायला हेलिकॉप्टर, पण परतीला कोणी नाही. खिशात पैसे नाहीत, नागपूर कधी पाहिलेलं नाही. आणि तिसरा प्रश्न ते विचारत नाहीत, पण मनात असतो: जीव गेला तर माती गावात होईल का? शववाहिनी इथपर्यंत येईल का? या तिन्हींची उत्तरं दिली तर लोक तयार होतात. मी स्वतः पाहिलं आहे. ती दिली नाहीत तर ‘नको, जे व्हायचं ते इथंच होऊ द्या’ म्हणतात आणि आपण फाईलवर ‘नातेवाइकांनी नकार दिला’ असं लिहितो. तो नकार विमानाला नसतोच.

म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे या वाहनानं दवाखान्याच्या दारातूनच यावं. मध्य प्रदेशानं २०२४ मध्ये हवाई रुग्णवाहिका सुरू केली, आयुष्मान कार्डवाल्यांना ती मोफत आहे. मद्रास आयआयटीतून निघालेल्या ईप्लेन कंपनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ७८८ विजेवरच्या हवाई रुग्णवाहिका पुरवण्याचा करार जाहीर केला, देशातल्या प्रत्येक जिल्ह्याला एक असा तो विचार आहे. युरोपच्या ज्या पाहणीचा मॅडमनी उल्लेख केला तिच्यातही तातडीच्या वैद्यकीय कामाला लोकांचा सगळ्यात जास्त पाठिंबा होता.

हेलिकॉप्टर म्हणजे नेता, ही प्रतिमा आपल्या मनात घट्ट आहे. सभा असली की शाळेच्या मैदानावर चुन्याचं वर्तुळ आखतात, धूळ उडते, पोरं धावतात, नेता उतरतो आणि तासाभरात निघून जातो. ज्या दिवशी त्याच वर्तुळातून ओळखीची बाळंतीण जाईल आणि बाळ घेऊन परत येईल, तेव्हा ते वाहन गावाचं होईल.

धंतोली_नागपूर | मंगळवार, रात्री ११:१५

डॉक्टरसाहेब, हे वाचून बराच वेळ गप्प बसलो. आधी श्रीमंत प्रवासी आणि मग गाव, असा क्रम मी धरला होता. तुमचा क्रम उलटा आहे आणि विदर्भापुरता तो जास्त पटतो. एक व्यावहारिक शंका आहे. रुग्णवाहिकेचा खर्च सरकारनं उचलला तरी रोज पुरेशा फेऱ्या नसतील तर यंत्र नुसतं उभं राहील, आणि उभ्या यंत्राची देखभाल महाग पडते. मग तेही बंद पडेल आणि गोंदियावाल्यांच्या यादीत आणखी एक नाव वाढेल. यावर काय?

भामरागड_रोड | मंगळवार, रात्री ११:४०

खरी शंका आहे. माझ्या मते त्याच यंत्रानं रक्ताच्या पिशव्या, सर्पदंशाची लस, तपासणीचे नमुने रोज न्यावेत. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या केंद्रांवर. मुक्कामी गाडीबद्दल लालपरी काकांनी लिहिलंय ते इथे लागू आहे. रोज येणारं यंत्र लोकांच्या ओळखीचं होतं. आणि नातेवाइकाच्या परतीच्या एसटी तिकिटाची तरतूद त्याच योजनेत हवी. खर्च किरकोळ आहे, पण तो कोणत्याच आराखड्यात नसतो.

पऱ्हाटी | बुधवार, सकाळी ७:०५

डाक्टरसाहेब, हे असं असन तं माह्या गावचा सरपंच मैदान द्यायले तयार होईन, मी स्वतः त्याच्याशी बोलतो. माह्या मोठ्या मायले साप चावला होता, नाल्याले पूर होता, बैलबंडीतून नेली होती. वाचली ती. सगळ्याईच्या वाचत नाहीत.

पन एक अट लिहून ठेवा. गावात उतराच्या आधी ग्रामसभा घ्या. बायाईची येगळी घ्या, फवारणीवाल्या ताईनं लिहिलं ते मानसाईच्या सभेत कोनी बोलनार नाही.

आर्वीकर | बुधवार, सकाळी ९:२०

मुलींनी काल रात्री सगळा धागा वाचला आणि प्रश्नावली बदलायला घेतली. ‘तुम्ही हवाई टॅक्सीत बसाल का?’ हा पहिला प्रश्न होता, तो आता शेवटी जाईल. त्याआधी येतील: घरापासून उतरण्याच्या जागेपर्यंत तुम्ही कसे जाल, बरोबर कोण आणि काय असेल, परत कसे याल, पैसा हातात कोणत्या महिन्यात असतो, गेल्या काही वर्षांत तुमच्या भागातली कोणती वाहतूक सेवा बंद झाली आणि तेव्हा तुम्ही काय केलं. तिकीट न काढणाऱ्यांसाठी वेगळा कागद असेल, वरून वाहन जाणार असेल तर काय अटी घालाल, यासाठी.

इंजिनिअर दादा, तुमच्याकडे मुलींची यादी येईल. लालपरी काका, दारव्ह्याला येऊन तुमच्याशी बोलायचं आहे. आणि फवारणीवाली ताई, तुमच्या गावातल्या बायांची बैठक लावता येईल का? येत्या रविवारी आम्ही निघू शकतो.

फवारणीवाली | बुधवार, दुपारी १२:४०

रविवारी नको ताई, आमचा बाजार असतो, कोणी घरी सापडणार नाही. मंगळवारी या. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा मी फवारणीला जाते, दहापर्यंत मोकळी होते. मुलींना वावरात आणा म्हणजे ड्रोन उडताना पाहतील, मग गटाच्या खोलीत बसू. पंधरा-वीस जणी येतील. जेवण आमच्याकडे. फक्त एसटीनं येणार असाल तर आधी कळवा, फाट्यावरून गावापर्यंत गाडी पाठवावी लागेल.